निर्णयसागरी वळणाचा पुनर्जन्म

व्हिक्टोरिया राणीच्या काळात विलायतेत जाहिरातींसाठी वेलबुट्टीदार अक्षरे ओतली जात होती, तेव्हा मुंबईत जावजी दादाजी चौधरी देवनागरी खिळ्यांचे सौष्ठव साधण्यात गढून गेले होते. बालवयातच ते अमेरिकन मिशनच्या छापखान्यात या कलेत मुरले. १८६४ मध्ये त्यांनी टाइप ओतण्याचा कारखाना काढला आणि १८६९ मध्ये 'निर्णयसागर' छापखाना. राणोजी रावजी आरू यांनी कोरलेल्या अक्षरांनी पंचांगे घरोघरी नेली, तर 'काव्यमाला' विद्वानांपर्यंत.

शिशाचे खिळे गेले. वळण मात्र उरले. २०१५ मध्ये सुरू झालेल्या मूर्ती क्लासिकल लायब्ररीच्या ग्रंथांसाठी फियोना रॉस, जॉन हडसन आदी अक्षररचनाकारांनी ते संगणकावर उतरविले. त्यातूनच पुढे निघालेला 'टिरो देवनागरी मराठी' हा टाइप आज विनामूल्य मिळतो. त्यात आपला पाकळीचा ल आणि देठाचा श आहे.

आम्हां चलथाणकर मराठीजनांना याचे मोल अधिक वाटते. आमची मुले शाळेत शिरोरेषेविना गुजराती गिरवितात. देवनागरी त्यांना भेटते ती हिंदीच्या पुस्तकात, दंडाच्या ल-सह. निदान घरच्या लग्नपत्रिका तरी आपण मराठी वळणात छापाव्यात. अक्षराचे वळण हेही मातृभाषेचेच धन होय.