निरुपयोगी ठरलेल्या लहरी

इ. स. १९१२ च्या एप्रिल महिन्यांत ‘टायटॅनिक’ जहाज बुडालें आणि बिनतारी संदेशांचें महत्त्व साऱ्या जगाला पटलें. त्याच वर्षीं अमेरिकेंत नवा कायदा झाला. माडीवर किंवा तळघरांत यंत्र मांडून एकमेकांस संदेश पाठविणारे हौशी तरुण तेथें पुष्कळ होते. आरमाराच्या व जहाजांच्या संदेशांत त्यांचा व्यत्यय येतो, अशी तक्रार होती. कायद्यानें त्यांस बंदी केली नाहीं. मात्र २०० मीटर व त्याहून आंखूड लहरी तेवढ्या त्यांच्या वांट्यास दिल्या. लांब लहरी दूरच्या प्रवासास योग्य आणि आंखूड लहरी निरुपयोगी, असें तज्ज्ञांचें मत होतें. थोरल्यानें सुपीक शेत आपणाकडे ठेवून धाकट्यास खडकाळ माळ द्यावा, तशी ही वांटणी झाली.

तज्ज्ञांचें मत अगदींच निराधार नव्हतें. जमिनीलगत जाणारी लहर जितकी आंखूड, तितकी तिची शक्ति जमीन लवकर शोषून घेते. परंतु हौशी मंडळींस दुसरा मार्गच नव्हता; त्यांनीं त्या माळावरच नांगर धरला.

१९२१ च्या डिसेंबरांत अमेरिकन रेडिओ रिले लीग या त्यांच्या संस्थेनें पॉल गॉडली यांस स्कॉटलंडला पाठविलें. आर्ड्रोसन गांवीं समुद्रकांठीं, थंडीपावसांत तंबू ठोकून ते रात्रीमागून रात्री कान लावून बसले. आणि दोन डझनांहून अधिक अमेरिकन हौशी केंद्रांचे संकेत त्यांस ऐकूं आले. मोठमोठीं सरकारी व व्यापारी केंद्रें ज्या कामीं शेंकडों किलोवॉट खर्चीत, तें येथें किलोवॉटभर शक्तीनें साधलें होतें. १९२३ च्या नोव्हेंबरांत फ्रान्समधील नीसचे लेऑं देलॉय आणि अमेरिकेंतील हार्टफर्डचे फ्रेड श्नेल यांनीं सुमारें १०० मीटरच्या लहरींवर परस्परांशीं संदेशांची देवघेव केली. पुढें १८ ऑक्टोबर १९२४ रोजीं लंडनच्या मिल हिल शाळेंतील सेसिल गॉयडर या अठरा वर्षांच्या विद्यार्थ्यानें न्यूझीलंडमधील शॅग व्हॅली येथील फ्रँक बेल यांच्याशीं संपर्क साधला. अंतर सुमारें १२,००० मैल; पृथ्वीच्या पाठीवर याहून फारसें लांब जातांच येत नाहीं!

जी लहर जमिनीवर इतक्या लवकर थकते, ती एवढा पल्ला गांठते कशी? उत्तर असें, कीं ती जमिनीवरून जातच नाहीं. सूर्यकिरणांमुळें वातावरणाच्या अत्युच्च भागांत विद्युद्भारित थर निर्माण होतात. असा थर असावा, असें अनुमान केनेली व हेविसाइड यांनीं १९०२ सालींच केलें होतें. १९२४ च्या डिसेंबरांत ॲपलटन व बार्नेट यांनीं तें प्रयोगानें सिद्ध केलें. आकाशाकडे गेलेली आंखूड लहर या थरावरून परतते, पुन्हां जमिनीवर आदळून वर उसळते, आणि असे टप्पे घेत जगाच्या दुसऱ्या टोकास पोहोंचते. विजापूरच्या गोल घुमटांत भिंतीशीं केलेली कुजबुज समोरच्या बाजूस ऐकूं येते. येथें घुमट पृथ्वीएवढा आहे, इतकाच भेद. मधल्या टापूवरून लहर उडी मारून जाते, म्हणून पन्नास कोसांवर जें ऐकूं येत नाहीं, तें हजार कोसांवर स्पष्ट ऐकूं येतें.

हिंदुस्थानास या शोधाचें फळ लवकरच मिळालें. १९२७ सालीं खडकी व दौंड येथील केंद्रांतून इंग्लंडशीं लघुलहरींवर संदेशव्यवहार सुरू झाला. त्याच वर्षीं मुंबई व कलकत्ता येथें नभोवाणीचीं केंद्रें निघालीं, परंतु तीं मध्यमलहरींचीं व दीड किलोवॉट शक्तीचीं. शहराच्या परिसरापलीकडे त्यांचा आवाज खात्रीनें पोहोंचत नसे. एवढ्या विस्तीर्ण देशांत गांवोगांवच्या श्रोत्यांपर्यंत जावयाचें कसें, हा प्रश्न उरलाच.

तो सोडविण्यासाठीं १९३६ सालीं ऑल इंडिया रेडिओचे मुख्य अभियंता म्हणून जे गृहस्थ आले, ते सेसिल गॉयडर. मिल हिल शाळेंतील तोच विद्यार्थी. १९३७-३८ मध्यें दिल्ली, मुंबई, मद्रास व कलकत्ता येथें लघुलहरींचे प्रक्षेपक उभे राहिले आणि शेंकडों मैलांवरील गांवांत शहरांतील गाणें-बोलणें ऐकूं येऊं लागलें. आवाज कधीं चढे, कधीं विरून जाई. पण तो येई. धाकट्याच्या वांट्यास आलेला माळ अखेर साऱ्या कुटुंबाच्या उपयोगी पडला.