रोज्यातला मच्छी बर्गर, मीठ मोजून

रोजा ठेवून चुलीपाशी उभ्या राहणाऱ्या बाईची खरी अडचण भूक नसते. मीठ चाखता येत नाही, ही असते. गरज पडलीच तर जिभेच्या टोकावर चव घेऊन थुंकून टाकायची मुभा बऱ्याच उलेमांनी दिली आहे. तरी बहुतेक घरांत काम अंदाजानेच चालते, आणि कमी पडू नये म्हणून हात जरा सैलच सुटतो. सहरीला असे खारट पोटात गेले की दुपारपासून घसा कोरडा. घरात कुणी रक्तदाबाचे असेल, तर गोष्ट तहानेवर थांबत नाही.

जागतिक आरोग्य संघटना मोठ्या माणसाला दिवसाला 5 ग्रॅमपेक्षा कमी मीठ सांगते. म्हणजे जेमतेम एक छोटा चमचा, तोही दिवसभराच्या सगळ्या खाण्यात मिळून. भजी, समोसे आणि (उल्हासनगरात राहून याला नाही कोण म्हणणार?) सिंधी पापड एका ताटात आले, की हिशेब इफ्तारलाच संपत येतो. पापडात मिठाबरोबर पापडखारही असतो, तोही सोडियमच.

मुलांना मात्र बर्गर हवा असतो. तो घरी करा. सुरमई किंवा रावस घ्या. अंबरनाथ, बदलापूरच्या बाजारात दोन्ही मिळतात. रोहू स्वस्त, पण त्याचे बारीक काटे निवडता निवडता मगरिब होईल. सुके मासे या कामाचे नाहीत, ते मिठातच मुरलेले.

सहा टिक्क्यांसाठी अर्धा किलो तुकड्या आले-लसूण लावून दहा मिनिटे वाफवा. मीठ अजून नाही. काटे काढून कुस्करा. त्यात एक उकडलेला बटाटा, बारीक कांदा, हिरवी मिरची, कोथिंबीर, पुदिना, मिरपूड, भाजलेले जिरे आणि आमचूर घाला. आंबटपणा भरपूर ठेवा, मिठाची उणीव तोच झाकतो. कोकमाचे आगळ मात्र नको, ते खारवलेले असते. बांधायला पावाचा चुरा न घेता दोन चमचे भाजलेले बेसन घ्या, कारण पावात आधीच मीठ आहे. आता मीठ: पाव छोटा चमचा, सपाट, चमच्यानेच. टिक्कीमागे मीठ सुमारे 0.2 ग्रॅम पडते आणि चाखायची गरजच उरत नाही. रव्यात घोळवून तव्यावर थोड्या तेलात दोन्ही बाजूंनी खरपूस भाजा.

बर्गरचा गोल पाव टाळता येत नाही, पण एकच घ्या. केचप, मेयोनीज आणि चीजच्या जागी दह्यातली पुदिना-लसूण चटणी, काकडी, कांदा. पहिले दोन दिवस घरचे नाक मुरडतील. कमी मिठाची सवय व्हायला जिभेला काही आठवडे लागतात. रमजान तेवढा आहे.

सैंधव वापरले की सुटलो, असे समजणारे बरेच भेटतात. सैंधवही जवळजवळ सगळे सोडियम क्लोराइडच. ‘लो सोडियम’ मिठात सोडियमऐवजी काही भाग पोटॅशियमचा असतो. मूत्रपिंडाचा आजार असलेल्यांना ते घातक ठरू शकते. रक्तदाबाच्या काही गोळ्यांनीही शरीरात पोटॅशियम वाढते. त्यामुळे पुडा आणण्याआधी डॉक्टरांना विचारा, आणि गोळ्यांची वेळ सहरी-इफ्तारला कशी बसवायची तेही त्याच भेटीत. आजाऱ्याला रोज्यातून सवलत आहे, हे घरातल्या वडीलधाऱ्यांना सांगायचे अवघड कामही बहुधा डॉक्टरांनाच जमते.

शेजारी ताट पाठवणार असाल, तर मिठाची छोटी वाटी वेगळी ठेवा.