परमुलुखातील पेढी



अंधेरीपासून बोरिवलीपर्यंत आणि घाटकोपरपासून मुलुंडपर्यंत आज कोणत्याही गृहसंस्थेच्या जिन्यात चौकशी केली, तर घरातील एखादा मुलगा परदेशी असल्याचे कळते. यांतले बहुतेक जण नोकरीसाठी गेलेले असतात. तिथे जाऊन स्वतःची पेढी घालणारे मात्र थोडे. गेल्या वर्षी अशाच एका सभेनंतर बोरिवलीचा एक तरुण मला भेटला. दुबईत दुकान काढावे असे त्याच्या मनात होते. त्याने विचारले, "वडिलांची राहती जागा गहाण ठेवली तर भांडवल उभे राहते. ठेवू का?" मला गाडी गाठायची होती. दोन उत्तेजनाचे शब्द बोलून मी निघालो. पण तो प्रश्न मनातून गेला नाही. आजचे व्याख्यान म्हणजे त्या तरुणाला उशिरा दिलेले उत्तर आहे.

परदेशी धंद्याची गोष्ट निघाली की आपण प्रथम भांडवलाचा विचार करतो. माझ्या मते प्रथम विचार करावयाचा तो पतीचा. आपल्या गल्लीत दुकान घातले तर घाऊक व्यापारी महिनाभर उधारीवर माल देतो, कारण आपले घर त्याला ठाऊक असते. ही पत आपण कमावलेली नसते. ती वाडवडिलांकडून आलेली असते. विमानतळ ओलांडला की ती मागे राहते. तेथे जागेचा मालक, बँक, घाऊक व्यापारी या सर्वांच्या लेखी आपण कोणीच नसतो. म्हणून प्रत्येक गोष्ट रोख मोजावी लागते, आणि घरी हिशेब करून नेलेले भांडवल अपेक्षेपेक्षा फार लवकर आटते.

आपले मुलुंड-घाटकोपरचे कच्छी शेजारी हे मर्म पिढ्यान्‌पिढ्या ओळखून आहेत. कच्छमधील व्यापारी मस्कत आणि झांजिबार येथे फार पूर्वीच पोहोचले. नवा मुलगा गेला की प्रथम नातलगाच्या दुकानात राही, तेथील भाषा आणि गिऱ्हाईक शिके, आणि मग त्याच नातलगाच्या शब्दावर स्वतःचे दुकान थाटी. तात्पर्य, पत त्याच्या आधी तेथे पोहोचलेली असे. आपला मराठी माणूस बहुधा एकटा जातो. त्याला ती शून्यापासून उभी करावी लागते.

ती उभी करता येते, याचे उदाहरण धनंजय दातार यांचे आहे. त्यांचे वडील महादेव दातार हे हवाई दलातून निवृत्त झाल्यावर दुबईत नोकरीस गेले आणि पुढे तेथे त्यांनी किराणा मालाचे लहानसे दुकान काढले. १९८४ साली धनंजयराव त्यांच्या हाताखाली गेले. तेव्हा त्यांचे वय वीस वर्षांच्या आसपास होते. दुकान झाडणे, पोती उचलणे ही कामे त्यांनी स्वतः केली. आरंभीची वर्षे तोट्याची गेली आणि तो भरून काढण्यासाठी आईचे दागिने विकावे लागले, असे त्यांनीच सांगितले आहे. पुढे त्या एका दुकानातून आखाती देशांत दुकानांची साखळी उभी राहिली आणि लोक त्यांना 'मसाला किंग' म्हणू लागले.

या कथेतील दागिन्यांचा प्रसंग ऐकून आपले डोळे ओलावतात आणि आपण तेवढाच लक्षात ठेवतो. मला तिच्यातील दुसरी बाजू महत्त्वाची वाटते. १९७३ नंतर तेलाचे भाव चढले, आखातात बांधकामे निघाली आणि भारतीय माणूस तेथे मोठ्या संख्येने गेला. त्याला डाळ, तांदूळ, मसाला आपल्या चवीचाच हवा होता. म्हणजे मुलूख परका होता, पण गिऱ्हाईक ओळखीचे होते. शिवाय वडील तेथे आधी नोकरी करून राहिलेले होते. गावाची नाडी त्यांना सापडली होती. दागिने गेले ते दुकान टिकवण्यासाठी. त्या दुकानाला गिऱ्हाईक आहे, हे अगोदर दिसलेले होते.

आता कायद्याकडे वळू. संयुक्त अरब अमिरातीत मुक्त क्षेत्राबाहेरील व्यापारी कंपनीत निदान ५१ टक्के भाग स्थानिक नागरिकाचा असावा, असे बंधन पुष्कळ वर्षे होते. १९८५ साली निघालेल्या जबल अली येथील मुक्त क्षेत्रात परकीयास पूर्ण मालकी मिळे. पण गावातल्या पेठेत दुकान घालणाऱ्यास त्याचा उपयोग नव्हता. म्हणून नावापुरता भागीदार घेऊन त्याला दरसाल ठरावीक रक्कम देण्याची चाल पडली. भागीदार सज्जन असला तर सर्व ठीक. नसला तर कागदावर मोठा हिस्सा त्याचाच. १ जून २०२१ पासून बहुतेक व्यवसायांपुरती ही अट निघाली. तरी परवाना लागतोच, आणि जागेच्या भाड्यापोटी पुढील तारखांचे धनादेश आगाऊ देण्याची रीत आहे. विक्री होवो न होवो, त्या तारखा येतातच.

परक्या राज्याचा कायदा एका रात्रीत फिरूही शकतो. १९७२ साली युगांडात इदी अमीनने तेथील आशियाई लोकांना ९० दिवसांत देश सोडावयास लावले. भरलेली दुकाने तशीच टाकून माणसे निघाली. असे प्रसंग विरळा असतात हे खरे, परंतु सारी मिळकत एकाच मुलुखात गुंतवू नये, एवढा धडा त्यातून घ्यावा.

आपल्या देशाचेही नियम आहेत. १९७३ चा परकीय चलनाचा कायदा फार कडक होता. त्याच्या जागी १९९९ चा सौम्य कायदा आला. २००४ साली रिझर्व्ह बँकेने एक योजना काढली. तिच्यानुसार भारतात राहणाऱ्या व्यक्तीला सध्या एका आर्थिक वर्षात २,५०,००० डॉलरपर्यंत रक्कम बाहेर पाठवता येते. २०२२ च्या नियमांप्रमाणे परदेशी धंद्यातील गुंतवणूक अधिकृत बँकेमार्फत नोंदवावी लागते. त्या योजनेत आणखी एक कलम आहे, आणि आमच्या बोरिवलीच्या मित्राने ते वाचलेले नव्हते. खरे सांगायचे तर त्या दिवशी मलाही ठाऊक नव्हते. अशा गुंतवणुकीसाठी बाहेर पाठवावयाच्या रकमेकरिता बँकेने कर्ज देऊ नये, असा रिझर्व्ह बँकेचा दंडक आहे.

म्हणजे त्याच्या प्रश्नाचे उत्तर कायद्यानेच अर्धे दिले आहे. उरलेले अर्धे व्यवहार देतो. राहते घर वडिलांचे असते, आणि त्यांना ते दुसऱ्यांदा बांधता येत नाही. तेव्हा मी त्या तरुणाला आज सांगेन: बाबा रे, घर राहू दे. प्रथम त्या गावी कोणाच्या तरी दुकानात दोन वर्षे नोकरी कर. सकाळी कोण काय मागायला येते आणि काय न मिळाल्याने परत जाते, ते टिपून ठेव. घाऊक व्यापाऱ्याला तुझा चेहरा आणि तुझा शब्द ओळखीचा होऊ दे. शिल्लक टाकशील ते तुझे पहिले भांडवल, आणि तोवर जमलेली पत हे दुसरे. मग दुकान लहान असले तरी चालेल.

आणि समजा, ते बुडालेच, तर बोरिवलीला उतरून आपल्याच घराची कडी वाजवता येईल. पुन्हा उभे राहावयास माणसाला तेवढी जागा पुरते.