बगॅसची वीज : गिऱ्हाईक कोण, भाव काय?



मुंबईला जाताना बोरघाट उतरला की खोपोलीला डोंगरावरून खाली आलेले जाड नळ आपल्यापैकी अनेकांनी पाहिले असतील. मावळातल्या तलावांचे पाणी त्यांतून येते आणि टाटांचे वीजघर चालते. ते 1915 सालचे. शेजारी कर्जत तालुक्यात भिवपुरीचे वीजघर 1922 साली सुरू झाले. तिथून सुटलेले पाणी राजनाल्याने शेतांना जाते, उन्हाळी भात पिकतो. एकाच पाण्याची दोन कामं! आपल्या उसाचंही तसंच आहे. रस साखरेला, चोथा बॉयलरला.

फरक एकच. खोपोलीच्या विजेला मुंबईच्या कापड गिरण्या हे ठरलेले गिऱ्हाईक होते. साखर कारखान्याला ते आपोआप मिळत नाही. आणि वीज म्हणजे काही साखर नव्हे, की पोती भरून गोदामात थप्पी लावली. झाली की त्याच घटकेला खपली पाहिजे. म्हणून सरकारने वीज कंपन्यांवर ठराविक प्रमाणात अपारंपरिक वीज घेण्याचे बंधन घातले आणि दराची हमी दिली. 2002 साली राज्याच्या वीज नियामक आयोगाने सहवीजनिर्मितीला युनिटमागे 3 रुपये 5 पैसे दर ठरवला, करार 13 वर्षांचा. एवढी मुदत असली की बँकही कर्ज देते.

पुढे दर निविदेने ठरू लागले आणि उतरले. कारखान्यांची ओरड झाल्यावर मार्च 2024 मध्ये राज्य सरकारने युनिटला दीड रुपया अनुदान मंजूर केले, तेही एका वर्षापुरते. टर्बाइनचे कर्ज काही वर्षात फिटत नाही, हे आपण जाणताच.

तुम्ही म्हणाल, यात आमच्या उसाला काय? तर, 2013 च्या ऊसदर कायद्याप्रमाणे साखर, बगॅस, मोलॅसिस आणि प्रेसमड यांच्या उत्पन्नातला 70 टक्के वाटा ऊसवाल्याचा. नुसती साखर धरली तर 75 टक्के. यात बगॅस धरतात, विजेचे पैसे नाहीत. तेव्हा कारखान्याने आपल्याच वीजघराला बगॅस कोणत्या भावाने दिला, हा आकडा वार्षिक अहवालात जरूर शोधा. सापडला नाही, तर सर्वसाधारण सभेत उठून विचारा. वीज कोणाला विकतो आणि करार किती वर्षे उरला, हेही त्याच वेळी विचारून घ्या.