हप्ता किती, यापेक्षा हप्ता केव्हा

दिवाळीच्या सुमारास कर्जत आणि खालापूर तालुक्यांतल्या वाड्यांमध्ये दोन गोष्टी एकाच वेळी घडतात. हळवे भात घरात आलेले असते आणि वीटभट्टीसाठी माणसे ठरवणारे मुकादम फिरू लागतात. पीक नुकतेच आले असताना माणसे घर सोडण्याची बोली का करतात? या प्रश्नाचे उत्तर शोधले, तर शेतकऱ्याच्या खात्यात थेट जमा होणारे पैसे नेमके काय बदलतात आणि काय बदलत नाहीत, हे कळते.

खोपोली म्हटले की कारखाने, घाट आणि टाटांचे वीजगृह आठवते. कर्जत म्हटले की फार्महाउस. या दोन्हींच्या मागे, डोंगराच्या कडेने, ठाकूर आणि कातकरी समाजांच्या वाड्या आहेत. कर्जतमधली राजनाला कालव्याखालची गावे उन्हाळी भातही घेतात. वाडीतल्या कुटुंबाकडे मात्र पावसाळी भाताचे एखादे खाचर, उतारावरची नाचणी-वरीची वरकस जमीन आणि भात कापल्यावर ओलीवर पेरलेला वाल, एवढेच असते. अनेक कातकरी कुटुंबांकडे तेही नसते. हे पीक बाजारासाठी नसून खाण्यासाठी असते, आणि ते वर्षभर पुरत नाही.

खरी ओढ लागते ती पावसाळ्यात. धान्य संपत आलेले असते आणि बियाणे, खत, लावणी यांचा खर्च तेव्हाच समोर उभा राहतो. हातात रोख नसली की घरातली धडधाकट माणसे आधी दुसऱ्याच्या लावणीला मजुरीवर जातात. स्वतःचे खाचर मागे पडते. उशिरा लावलेल्या रोपांना फुटवे कमी येतात. म्हणजे आजच्या मजुरीपायी पुढच्या वर्षाचे धान्य कमी होते. दुकानातली उधारी भात आल्यावर फेडायची असते आणि भाताचा भाव तेव्हाच पडलेला असतो. त्यातूनही जे देणे उरते, ते भागवायला मुकादमाची उचल घ्यावी लागते. उचल घेतली की पुढच्या पावसापर्यंतचे श्रम आधीच विकले जातात. भट्टीवर आठवड्याला मिळते ती फक्त खर्ची, हिशेब शेवटी. मुले बरोबर जातात आणि त्यांची शाळा सुटते.

ही कोंडी जुनी आहे आणि तिच्यावरचे उपायही जुने आहेत. १९४३ मध्ये सिद्धगडावर हुतात्मा झालेले माथेरानचे विठ्ठल लक्ष्मण ऊर्फ भाई कोतवाल यांनी सावकारीला उतारा म्हणून शेतकऱ्यांसाठी धान्यकोठ्या सुरू केल्या होत्या. पुढे १९७८ पासून राज्य सरकारने आदिवासी कुटुंबांसाठी खावटी कर्ज दिले, निम्मे रोख आणि निम्मे वस्तुरूपात. दोन्ही उपायांचे मर्म एकच होते: मदत उपासमारीच्या महिन्यांत पोहोचली पाहिजे. खावटी म्हणजेच पावसाळ्यात खाण्यापुरते. ही योजना काही वर्षे बंद पडली आणि करोनाच्या काळात, सप्टेंबर २०२० मध्ये, अनुदान म्हणून पुन्हा जाहीर झाली: कुटुंबाला ४,००० रुपये, त्यांपैकी २,००० खात्यात. पण निर्णयच पावसाळा सरताना झाला आणि वाटप पुढच्या वर्षापर्यंत लांबले.

आजच्या रोख योजनांचे गणितही याच कसोटीवर तपासावे. पीएम-किसान योजना २०१९ मध्ये सुरू झाली. तिच्यात वर्षाला ६,००० रुपये, २,००० च्या तीन हप्त्यांत मिळतात. २०२३ पासून राज्याच्या नमो शेतकरी महासन्मान निधीचे तेवढेच. रोजगार हमीच्या २०२५-२६ मधील ३१२ रुपये दराने मोजले, तर एक हप्ता म्हणजे सहा-साडेसहा दिवसांची मजुरी. ही रक्कम नगण्य वाटेल. पण लावणीच्या आठवड्यात तेच सहा दिवस कुटुंबाला स्वतःच्या खाचरात काम करू देतात. पीएम-किसानचा हप्ता २०२४ मध्ये १८ जूनला जमा झाला, तेव्हा येथे रोपे वाढत होती. २०२५ मध्ये तो २ ऑगस्टला आला, म्हणजे लावणीचे बहुतेक काम उरकल्यावर. रक्कम तीच होती, पण तिची किंमत तीच नव्हती.

हातात पैसा आला की गरीब तो दारूत घालवतो, ही समजूत फार पसरलेली आहे. २०११-१२ मध्ये ‘सेवा’ संस्थेने युनिसेफच्या मदतीने मध्य प्रदेशातल्या काही गावांत प्रत्येक प्रौढाला दरमहा २००, नंतर ३०० रुपये आणि मुलांना त्याच्या निम्मे देऊन पाहिले. तिथे पैसा जनावरे, बी-बियाणे, औषधे आणि शाळा यांत गेला, आणि लहान शेतकरी मजुरीकडून स्वतःच्या शेताकडे वळले. ही रक्कम दर महिन्याला ठरलेल्या वेळी येत होती, हे विसरता कामा नये.

दुसरी अडचण कागदाची. पीएम-किसानचा लाभ जमीन ज्याच्या नावावर, त्यालाच. कुळाने कसणाऱ्याला आणि भूमिहीनाला तो नाही. वनहक्काचा पट्टा मिळालेल्यांना तो मिळू शकतो. दावा प्रलंबित असलेल्यांना नाही. ज्याच्याकडे सातबारा आहे, त्यालाही ई-केवायसी आणि आधार जोडणीसाठी तालुक्याला खेप घालावी लागते, आणि प्रत्येक खेप म्हणजे एक बुडालेला रोज. २०२४ मध्ये आलेल्या लाडकी बहीण योजनेला सातबारा लागत नाही, पैसे बाईच्या खात्यात आणि महिन्याच्या हिशेबाने येतात; म्हणून भूमिहीन कातकरी घरात तिचे १,५०० रुपये अधिक उपयोगी ठरू शकतात. शेतकरी योजनांचे महिना १,००० ज्या बाईला स्वतःच्या नावावर मिळतात, तिला मात्र यातले ५०० च मिळतात.

थेट रोख मदतीने उचल संपणार नाही. उचलीची रक्कम या हप्त्यांपेक्षा पुष्कळ मोठी असते. भट्टीला पर्याय द्यायचा, तर दिवाळीनंतर गावातच रोजगार हमीचे काम निघाले पाहिजे आणि त्याची मजुरी वेळेवर मिळाली पाहिजे. मात्र हप्त्यांपैकी एक मृगाच्या आधी आणि एक दिवाळीच्या आधी खात्यात पडेल, एवढी खात्री सरकारला एक रुपयाही न वाढवता देता येईल. तेवढ्याने दुकानाची उधारी कमी होईल, लावणी वेळेवर होईल आणि मुकादमाशी बोली करताना त्या कुटुंबाला थोडे थांबून विचार करता येईल.