न विचारलेला प्रश्न

पाण्याची तपासणी झाली म्हटले, की त्यातले सारे काही कळले असे आपण मानतो. प्रत्यक्षात प्रयोगशाळा पाण्याला मोजके प्रश्न विचारते आणि पाणी तेवढ्यांचीच उत्तरे देते. कोलकात्याच्या जादवपूर विद्यापीठातील वैश्लेषिक रसायनशास्त्रज्ञ दीपंकर चक्रवर्ती यांची कारकीर्द अशाच एका न विचारलेल्या प्रश्नामागे गेली.

१९७० नंतर बांगलादेशात युनिसेफच्या साहाय्याने गावोगाव कूपनलिका खोदल्या गेल्या. तळ्याच्या पाण्यातून होणारे अतिसार टाळावेत, हा हेतू. पश्चिम बंगालमध्येही हातपंप वाढत होते. १९८३ साली कोलकात्यातील त्वचारोगतज्ज्ञ क्षितीशचंद्र साहा यांना खेड्यांतून आलेल्या रुग्णांच्या अंगावर काळे ठिपके आणि तळव्यांवर खडबडीत गाठी दिसल्या. त्यांनी निदान केले: आर्सेनिकची विषबाधा.

हे विष कोणी मिसळले नव्हते. गंगा-ब्रह्मपुत्रेच्या गाळातील लोहाच्या संयुगांना आर्सेनिक चिकटलेले असते. प्राणवायू नसलेल्या थरांत ही संयुगे विरघळतात आणि आर्सेनिक पाण्यात उतरते. त्याला रंग, वास, चव नाही. पाणी उकळूनही ते जात नाही.

१९८८ पासून चक्रवर्तींनी या शोधाला वाहून घेतले. जागतिक आरोग्य संघटनेची मर्यादा आहे लिटरमागे १० मायक्रोग्रॅम, म्हणजे हजार लिटरच्या टाकीत अवघे १० मिलिग्रॅम. इतके सूक्ष्म प्रमाण मोजण्यासाठी नमुन्यातील आर्सेनिकचे आधी वायूत रूपांतर करतात. तो वायू तापवलेल्या नळीत नेला, की सुटे झालेले अणू ठरावीक तरंगलांबीचा प्रकाश शोषतात. किती प्रकाश शोषला गेला, त्यावरून प्रमाण ठरते. पाण्याबरोबरच रुग्णांचे केस आणि नखेही तपासली गेली. वीस वर्षांत पश्चिम बंगालमधील १,४०,१५० कूपनलिकांचे नमुने तपासून झाले; जवळजवळ निम्मे या मर्यादेबाहेरचे निघाले.

चक्रवर्तींचे हे काम सुरू असतानाच, १९९२ मध्ये ब्रिटिश भूवैज्ञानिक सर्वेक्षण संस्थेने बांगलादेशातील भूजलाची अनेक मूलद्रव्यांसाठी तपासणी केली. यादीत आर्सेनिक नव्हते. पुढे पीडितांचा दावा ब्रिटनच्या हाउस ऑफ लॉर्ड्सपर्यंत गेला. २००६ मध्ये तो फेटाळला गेला. संस्थेवर तशी कायदेशीर जबाबदारी येत नाही, असा निकाल होता.

बांगलादेशात नंतर सुरक्षित नळांना हिरवा, विषारी नळांना लाल रंग दिला गेला. एका अंगणातला नळ हिरवा, तर शेजारचा लाल, असेही घडे. म्हणून प्रत्येक नळ तपासण्याला पर्याय नव्हता. चक्रवर्ती २०१८ मध्ये वारले. पाण्याचा अहवाल हाती आला, की आपण आकडे पाहतो. त्याआधी यादी पाहावी: कशाकशाची तपासणी झालीच नाही?