मुक्तस्रोत संगणक प्रणालीची निवड : एक अर्थशास्त्रीय विचार

घरातील संगणक निकामी होण्याची कारणे दोन असतात. एक तर यंत्र झिजते. किंवा यंत्र सुस्थितीत असूनही त्यावरील कार्यप्रणालीचा पुरवठादार आपला आधार काढून घेतो. १४ ऑक्टोबर २०२५ रोजी विंडोज १० या प्रणालीचा नियमित आधार समाप्त झाला आणि दुसऱ्या प्रकारचा प्रश्न अनेक कुटुंबांपुढे उभा राहिला. विंडोज ११ साठी टीपीएम २.० ही सुरक्षाव्यवस्था व तुलनेने अलीकडचा प्रोसेसर आवश्यक असतो. वाढीव मुदतीची सुरक्षा अद्यतने हा तात्पुरता दिलासा आहे, कायमचा उपाय नव्हे.

छत्तीसगढमधील भिलाईलगतच्या चरोदा या रेल्वेवस्तीतील एका कुटुंबाचे उदाहरण कल्पू. दुर्ग जिल्ह्याचा हा परिसर १९५६ पर्यंत नागपूर राजधानी असलेल्या प्रांतात होता. त्यामुळे येथे मराठी भाषिक घरे नवी नाहीत. या घरात दहा वर्षांपूर्वीचा, चार जीबी रॅमचा संगणक आहे आणि मुलगी स्पर्धा परीक्षेची तयारी करीत आहे. नवा संगणक घ्यावा, की आहे त्याच यंत्रावर मुक्तस्रोत प्रणाली बसवावी? हा प्रश्न तांत्रिक भासला तरी मुळात तो खर्च, पर्याय आणि स्वातंत्र्य यांचा आहे.

मोफत आणि मुक्त

मुक्तस्रोत प्रणाली बहुधा विनामूल्य मिळते. परंतु विनामूल्य असणे हे तिचे मुख्य लक्षण नव्हे. रिचर्ड स्टॉलमन यांनी १९८३ मध्ये ग्नू प्रकल्पाची घोषणा केली. प्रणाली वापरणे, तिचा अभ्यास करणे, तीत बदल करणे आणि तिच्या प्रती इतरांना देणे ही चार स्वातंत्र्ये या चळवळीच्या मुळाशी आहेत. १९९१ मध्ये लिनस टोरवाल्ड्स यांनी लिनक्सचा गाभा प्रसिद्ध केला आणि या दोहोंच्या संयोगातून पूर्ण कार्यप्रणाली साकारली.

भिलाईच्या वाचकास हा भेद सहज उमगावा. १९५५ च्या भारत-सोव्हिएत करारातून येथील पोलाद कारखाना उभा राहिला. परकीय तंत्रज्ञान घेताना केवळ यंत्रे मिळतात, की त्यांचे आराखडे व ते बदलण्याची क्षमताही मिळते, हा विकसनशील देशांपुढील जुना प्रश्न आहे. सोर्स कोड म्हणजे संगणक प्रणालीचा असा आराखडाच होय.

अर्थशास्त्राच्या परिभाषेत सोर्स कोड ही स्पर्धारहित वस्तू आहे : एकाने वापरल्याने दुसऱ्याचा वाटा घटत नाही. मुक्त परवाना तिला सार्वजनिक वस्तूच्या जवळ नेतो. मग ती निर्माण कोण करणार? स्वयंसेवक, विद्यापीठे आणि सेवा विकून उत्पन्न मिळविणाऱ्या कंपन्या. आयबीएमने २०१९ मध्ये रेड हॅट ही मुक्तस्रोत कंपनी सुमारे ३४ अब्ज डॉलर्सना विकत घेतली, यावरून या प्रतिमानाचे बळ लक्षात येते.

वितरण व डेस्कटॉप

लिनक्सचा गाभा, उपयुक्त आज्ञावल्या आणि अद्यतनांची व्यवस्था यांच्या एकत्रित संचास वितरण म्हणतात. १९९३ पासूनचे डेबियन स्थैर्यासाठी प्रसिद्ध आहे. २००४ मध्ये आलेल्या उबुंटूच्या दीर्घ मुदतीच्या आवृत्त्यांना पाच वर्षे नियमित आधार मिळतो. लिनक्स मिंट विंडोजची सवय असलेल्यांना सोपे जाते. सी-डॅकने विकसित केलेली बॉस ही भारतीय प्रणालीही डेबियनवर आधारित आहे. घरगुती वापरासाठी नावीन्यापेक्षा आधाराची मुदत अधिक महत्त्वाची मानावी.

पडद्यावर दिसणाऱ्या खिडक्या, मेनू व चिन्हे यांची रचना म्हणजे डेस्कटॉप. विंडोजमध्ये तो प्रणालीशी जखडलेला असतो. लिनक्समध्ये तो स्वतंत्रपणे निवडता येतो. केडीई (१९९६) आणि ग्नोम (१९९७) हे सर्वांगपूर्ण डेस्कटॉप आठ जीबी रॅमवर सुखाने चालतात. चार जीबीच्या यंत्रास एक्सएफसीई किंवा माटे, तर त्याहून दुबळ्या यंत्रास एलएक्सक्यूटी योग्य ठरतो. मात्र डेस्कटॉप हलका असला तरी ब्राउझर हलका होत नाही. अनेक संकेतस्थळे एकाच वेळी उघडल्यास रॅम तेथेच खर्ची पडते. जुन्या हार्ड डिस्कच्या जागी एसएसडी बसविल्यास अल्प खर्चात मोठा फरक जाणवतो.

भाषेचा प्रश्न

आपल्या भाषेची बाजारपेठ लहान असेल, तर खासगी कंपनीस तिच्यासाठी प्रणाली तयार करणे परवडत नाही. मुक्त परवान्यात भाषिकांना स्वतःच अनुवाद करता येतो. हिंदी लेखक रविशंकर श्रीवास्तव, म्हणजेच रवी रतलामी, यांच्या पुढाकाराने केडीई डेस्कटॉप छत्तीसगढीत आला. ग्नोम व केडीईचे मराठी अनुवादही झाले आहेत. ज्या घरात मराठी, हिंदी आणि छत्तीसगढी या तिन्ही भाषा नांदतात, तेथे या सोयीचे मोल पैशात मोजता येत नाही.

याउलट, कृतिदेवसारख्या जुन्या फॉन्टमध्ये टंकलेले दस्तऐवज तो फॉन्ट नसेल तर वाचता येत नाहीत. वापरकर्ता जुन्या साधनाशी असा जखडला जातो. यालाच स्थित्यंतर खर्च म्हणतात. युनिकोड आणि इनस्क्रिप्ट कळफलक यांचा अंगीकार केल्यास हा खर्च भविष्यात टळतो.

मर्यादा आणि सार्वजनिक धोरण

काही लेखा आज्ञावल्या आणि काही छपाईयंत्रे लिनक्सवर नीट चालत नाहीत. म्हणून प्रथम आपल्या गरजांची यादी करावी, महत्त्वाच्या फाइलींची प्रत अन्यत्र ठेवावी आणि नवी प्रणाली पेन ड्राइव्हवरून चालवून पाहावी. ध्वनी, वायफाय, छपाई व मराठी टंकन ठीक चालल्यासच ती कायम बसवावी. शिकण्यास लागणारा वेळ हाही खर्चच आहे. मात्र तो एकदाच करावा लागतो.

केंद्र सरकारने २०१० मध्ये ई-प्रशासनासाठी खुल्या मानकांचे आणि २०१५ मध्ये मुक्तस्रोत प्रणालीच्या अंगीकाराचे धोरण जाहीर केले. केरळने शालेय संगणक शिक्षण मुक्त प्रणालीवर उभे केले. नोव्हेंबर २०१७ पासून जगातील सर्वाधिक वेगवान ५०० महासंगणकांच्या यादीतील सर्व यंत्रे लिनक्सवर चालतात. अँड्रॉइड मोबाइलचा गाभाही लिनक्सच आहे. म्हणजे नागरिक ही प्रणाली नकळत वापरतच आहेत; जाणीवपूर्वक निवड तेवढी बाकी आहे.

चरोद्याच्या त्या घरासाठी उत्तर स्पष्ट आहे. अभ्यास, टंकन आणि माहितीचा शोध एवढीच गरज असेल, तर हलका डेस्कटॉप असलेले व दीर्घ आधाराचे वितरण पुरेसे आहे. त्यामुळे नव्या यंत्राचा खर्च वाचतो आणि ई-कचऱ्यात भर पडत नाही. त्याहून महत्त्वाचे म्हणजे, आपले यंत्र केव्हा निरुपयोगी ठरवायचे हा निर्णय त्या कुटुंबाच्या हाती राहतो. तंत्रज्ञानातील स्वावलंबनाचा आरंभ अशा लहान निर्णयांतूनही होत असतो.